रेल्वे केंद्राची, मग फलाटावरच्या चोरीची तक्रार राज्याच्या पोलिसांकडे का?

कारण राज्यघटनेतच तसं लिहिलंय. सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत: केंद्र सूची, राज्य सूची आणि समवर्ती सूची. रेल्वे केंद्र सूचीत आहे, पण ‘पोलीस’ हा विषय राज्य सूचीत दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि तिथे रेल्वे पोलिसांचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून दादरच्या फलाटावर खिशातला मोबाइल गेला की गुन्हा नोंदवतात ते लोहमार्ग पोलीस, म्हणजे महाराष्ट्र पोलीसच. त्याच फलाटावर दिसणारे आरपीएफचे (रेल्वे सुरक्षा दलाचे) जवान मात्र केंद्राचे. रेल्वेची मालमत्ता आणि प्रवाशांची सुरक्षा हे त्यांचं काम. चोरी झाल्यावर घाबरलेला माणूस या दोघांत गोंधळतो, त्यामुळे हा फरक प्रत्येक प्रवाशाला माहीत असायलाच हवा.

समवर्ती सूचीतल्या विषयांवर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात. दोन कायद्यांत विरोध आला तर सहसा केंद्राचा टिकतो (कलम 254). राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळालेली असेल, तर त्या राज्यापुरता तो चालतो. कुठल्याच यादीत नसलेले विषय केंद्राकडे जातात.

या याद्या बदलताही येतात. शिक्षण आधी राज्यांकडे होतं, 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेलं. माझ्या मते राज्यांचं ते मोठं नुकसान होतं.