कॅलिफोर्नियात वीजकेंद्र नव्याने बांधताना शहराची उंचीची मर्यादा बंधनकारक असते का?

पूर्णपणे नाही. १९७४ च्या वॉरन-अल्क्विस्ट कायद्यानुसार ५० मेगावॅट आणि त्यावरच्या औष्णिक केंद्रांना परवाना राज्याचा ऊर्जा आयोग देतो. हंटिंग्टन बीचसारखं किनाऱ्यावरचं शहर आपला उंचीचा नियम तपासून मत कळवतं. पण सार्वजनिक गरज आहे आणि दुसरा बरा मार्ग नाही असं ठरलं, तर आयोग तो नियम बाजूला ठेवू शकतो.

तरी शहराचा आढावा महत्त्वाचाच. मात्र उंचीला कारणं असतात. चिमणी फार बुटकी केली तर वायू जमिनीलगत रेंगाळतात. समुद्राच्या पाण्याऐवजी हवेने वाफ थंड करायची, तर भलामोठा सांगाडा उभारावा लागतो. म्हणून रहिवाशांनी नुसते फूट मोजू नयेत. किनाऱ्यावरून केंद्र कसं दिसेल याची चित्रं आणि ते झाकण्याची योजना परवान्याच्या सुनावणीतच लेखी मागावी.