वाचक विचारतात : संशोधनावर राज्याचा पैसा

प्रश्न : अमेरिकेतली काही राज्ये विद्यापीठांतल्या संशोधनावर स्वतःचा पैसा घालतात. त्यापेक्षा सवलती देऊन एखादी चालती कंपनी आणली, तर रोजगार लवकर मिळणार नाही का?

उत्तर : मिळेल, पण सगळी भिस्त एकाच ताळेबंदावर राहते. ऱ्होड आयलंडने २०१० मध्ये '३८ स्टुडिओज' या व्हिडिओ गेम कंपनीच्या साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. २०१२ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि फेडीचा बोजा राज्यावर आला.

केंटकीने १९९७ मध्ये वेगळी वाट धरली. खासगी देणगीच्या प्रत्येक डॉलरमागे राज्याचा एक डॉलर. दोन्ही रकमा विद्यापीठाच्या कायम निधीत, आणि खर्च फक्त त्याच्या उत्पन्नातून. त्यातून प्राध्यापकपदे निर्माण होतात. प्राध्यापक केंद्राची अनुदाने मिळवतो, त्यांतून तंत्रज्ञांचे आणि संशोधक विद्यार्थ्यांचे पगार निघतात. तो सोडून गेला तरी पद आणि निधी राज्यातच राहतात.

मात्र त्याची चालू अनुदाने बहुतेक वेळा त्याच्याबरोबर जातात. म्हणून नुसत्या पदावर थांबू नये, राज्यातच राहणाऱ्या उपकरणांवरही पैसा घालावा. तिथे नेहमीची चूक अशी: महागडा सूक्ष्मदर्शक घेतला जातो, देखभालीचा करार आणि चालवणारा कायम तंत्रज्ञ यांची तरतूद राहून जाते, आणि यंत्र बंद पडून राहते. खरेदीच्या मंजुरीतच निदान पाच वर्षांचा देखभाल खर्च धरावा, आणि आसपासच्या कंपन्यांना ते यंत्र तासाच्या दराने वापरू द्यावे.

प्रश्न : पैसा कोणाला द्यायचा हे कोणी ठरवावे?

उत्तर : राज्याबाहेरच्या परीक्षकांनी. राज्यातले तज्ज्ञ एकमेकांचे सहकारी किंवा स्पर्धक असतात. कंपनीचा प्रस्ताव असेल तर विज्ञान आणि व्यवसाय यांची तपासणी वेगवेगळ्या समित्यांनी करावी, आणि दोन्हींचा होकार आल्याशिवाय धनादेश निघू नये.

टेक्सासचे उदाहरण बोलके आहे. कर्करोग संशोधनासाठी ३०० कोटी डॉलरच्या रोख्यांना तिथल्या मतदारांनी २००७ मध्ये मान्यता दिली. पुढे त्या पैशातून 'पेलोटन थेरप्युटिक्स' या औषध कंपनीला १ कोटी १० लाख डॉलर रीतसर परीक्षणाविनाच मंजूर झाल्याचे २०१२ मध्ये उघड झाले. नवी अनुदाने थांबवावी लागली, आणि २०१३ मध्ये विधिमंडळाने नियम कडक केले. गंमत म्हणजे ती कंपनी खोटी नव्हती: मर्क या बड्या औषध कंपनीने २०१९ मध्ये ती शंभर कोटी डॉलरहून अधिक देऊन विकत घेतली. तरीही परीक्षण टाळण्याचे समर्थन होत नाही. निवड नशिबाने बरोबर आली, पद्धतीने नव्हे.

मंजूर रक्कम एकदम देऊ नये. नमुना तयार, स्वतंत्र चाचणी पूर्ण, पहिला ग्राहक, अशा टप्प्यांवर हप्ते बांधावेत आणि टप्पा चुकला तर उरलेले पैसे थांबवायची अट करारातच लिहावी. नंतर ती घालता येत नाही.

प्रश्न : लहान राज्याकडे एवढा पैसा नसेल तर?

उत्तर : केंद्राच्या पैशाला जोड द्यावी. छोट्या कंपन्यांच्या संशोधनासाठी १९८२ पासून असलेल्या 'एसबीआयआर' या केंद्राच्या योजनेत कंपनीला पहिल्या टप्प्यात कल्पना तपासायला आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष विकासाला अनुदान मिळते. खरी अडचण या दोन टप्प्यांमध्ये येते. पहिले पैसे संपलेले, दुसरे अजून यायचे; पगार थांबला की अभियंते जातात, आणि दुसरे अनुदान मिळेपर्यंत ते काम करणारे कोणी उरत नाही. नॉर्थ कॅरोलिना आणि केंटकी ही अनुदाने मिळवणाऱ्या कंपन्यांना राज्याची पूरक रक्कम देतात. तज्ज्ञ परीक्षण केंद्राने आधीच केलेले असते, त्यामुळे राज्याचा तो खर्चही वाचतो.

प्रश्न : परतावा किती वर्षांत?

उत्तर : निवडणुकीच्या एका मुदतीत नाही. नॉर्थ कॅरोलिनातले रिसर्च ट्रँगल पार्क, म्हणजे संशोधन करणाऱ्या कंपन्या आणि संस्थांसाठी राखलेली वसाहत, १९५९ मध्ये सुरू झाले; आयबीएमने तिथे येण्याचे जाहीर केले ते १९६५ मध्ये. तोवर बरीचशी जमीन रिकामी होती. सुरुवातीच्या वर्षांत रोजगाराचे आकडे मागितले तर फुगवलेलेच मिळतील. बाहेरून आलेली अनुदाने, राज्यातच राहिलेले पदवीधर आणि परवान्यावर दिलेली पेटंटे मोजावीत. नुसत्या पेटंट अर्जांची संख्या मोजू नये. अर्ज करायला फक्त शुल्क लागते.