पॅकेज मॅनेजरने डिपेन्डन्सीची भांडणं स्वतःच का सोडवू नयेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे २०२४मध्ये कॉलेजच्या लॅबमध्ये नीट चाललेला पायथन प्रोजेक्ट ऑगस्टमध्ये घरच्या लॅपटॉपवर नव्याने टाकला, तर नमपाय या गणिताच्या लायब्ररीच्या नावाने एरर येते. कोडची एक ओळही बदललेली नाही. मग प्रोजेक्ट ज्या लायब्ररींवर उभा असतो त्या डिपेन्डन्सी, त्या आणून बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरनेच का सांभाळू नयेत?

तुमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, नुसतं ‘नमपाय’ लिहिलंय, पुढे आकडा नाही. पिप, म्हणजे पायथनचा पॅकेज मॅनेजर, त्याचा अर्थ ‘आज जी सगळ्यात नवी बसेल ती आवृत्ती’ असा घेतं. मेमध्ये ती १.२६ होती, १६ जूनला २.० आली. जी लायब्ररी १.x धरून कंपाइल झालीय ती २.० बरोबर चालत नाही. ‘मला दोनच्या खालचंच नमपाय हवं’ अशी अट त्या लायब्ररीने कुठे लिहिलीच नसेल, तर पिपला कळणार कसं? त्याने सांगितलेलं काम चोख केलं.

म्हणून माझं मत असं, की माणसाने मागितल्याशिवाय नवी आवृत्ती येताच कामा नये. जानेवारी २०२२मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरवरच्या ‘कलर्स’ या पॅकेजमध्ये खुद्द त्याच्या लेखकानेच कधीच न संपणारा लूप घातला. लॉक फाइलवरून, म्हणजे आवृत्त्यांचे नेमके आकडे नोंदवलेल्या फाइलवरून, इन्स्टॉल करणाऱ्यांना काही झालं नाही. ‘नवं असेल ते दे’ म्हणणाऱ्यांच्या स्क्रीनवर कचरा वाहत राहिला. गो भाषेने २०१८पासून हे मुळातच वेगळं ठेवलंय: सगळ्यांनी मागितलेल्या किमान आवृत्त्यांपैकी सगळ्यात वरची घ्यायची, बाजारात त्याहून नवी असली तरी तिला हात लावायचा नाही. मला हा मार्ग फार पटतो.

आता भांडणाचं. एका लायब्ररीला ‘ड’ची पहिली आवृत्ती हवी, दुसरीला दुसरी, आणि पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोजेक्टसाठी वेगळ्या काढलेल्या जागेत) ‘ड’ एकच राहू शकतं. एका मांडवात एकाच मुहूर्ताला दोन लग्नं लावण्यातलाच प्रकार. नोव्हेंबर २०२०पर्यंत पिप आधी जी अट दिसेल ती धरून पुढे जायचं, बाकीच्यांचं काय होईल ते होवो. आवृत्ती २०.३पासून ते मागे फिरून दुसऱ्या जोड्या तपासतं. हे कोडं एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे ते दरवेळी झटपट सोडवायची रीत कोणालाच माहीत नाही, तेव्हा कधीकधी वेळ लागणारच. इथे इंदूरला विजयनगरच्या आमच्या ऑफिसातली इंटर्न मुलं इन्स्टॉल लावून छप्पन दुकान या खाऊगल्लीत चहा पिऊन येतात, तरी पिप जुन्या आवृत्त्या उतरवून बघतच असतं! शेवटी जमलं नाही तर कोणाला काय हवंय ते नावानिशी सांगून थांबतं. मुलं वैतागतात, पण मला ते थांबणंच आवडतं. गुपचूप काहीतरी बसवून दिलं असतं तर तीच एरर डेमोच्या दिवशी आली असती.

दोन्ही आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवायची सोय एनपीएममध्ये आणि रस्ट भाषेच्या कार्गो या पॅकेज मॅनेजरमध्ये आहे. पण तीही फुकट नाही. वेबपेज बनवायच्या रिअॅक्ट लायब्ररीच्या दोन प्रती आल्या की तिची हुक्स नावाची फंक्शन्स मोडतात. रस्टमध्ये तर कंपायलर म्हणतो, हवा होता अमुक टाइप, मिळाला अमुक टाइप, आणि दोन्ही नावं अगदी सारखी! नवख्या माणसाचा अर्धा दिवस त्यातच जातो.

लॉक करून विसरायचं मात्र नाही. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतली सुरक्षेची भयंकर फट उघड झाली, तेव्हा जुनी आवृत्ती धरून बसणंच धोक्याचं होतं. आवृत्ती वाढवायची ती वेगळ्या कमिटमध्ये (कोडमधल्या बदलाची स्वतंत्र नोंद), टेस्ट चालवून. दुसऱ्या कुठल्या कामासाठी इन्स्टॉल करताना ती आपोआप वाढू नये.

तुम्ही आत्ता काय करायचं? लॅबचं मशीन फॉरमॅट व्हायच्या आत त्यावर ‘पिप फ्रीझ’ चालवा आणि निघालेली, बसवलेल्या पॅकेजेसची यादी आकड्यांसकट जपून ठेवा. घरी नवं एन्व्हायर्नमेंट काढून त्याच यादीवरून इन्स्टॉल करा; दोन्हीकडे पायथनची आवृत्ती एकच ठेवा, नाहीतर काही पॅकेजेस बसणार नाहीत. पुढचा प्रोजेक्ट यूव्ही या पायथनच्याच दुसऱ्या पॅकेज मॅनेजरवर सुरू करा, त्यात लॉक फाइल आपोआप बनते. ती गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, टाका. ती गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइल्सची यादी) घालणारे सीनिअर भेटतील, त्यांचं ऐकू नका.