क्रमांक विद्यापीठाचा, शिक्षण विभागातलं

प्रश्न : मुलीला सांख्यिकीच्या पदवीसाठी दोन विद्यापीठांत प्रवेश मिळतो आहे. त्यातलं एक जागतिक क्रमवारीत दुसऱ्यापेक्षा शंभरेक क्रमांकांनी वर आहे. तिचा ओढा मात्र खालच्याकडे आहे, कारण तिथला अभ्यासक्रम तिला आवडला आहे. वरचं सोडलं तर हातची संधी जाईल, असं घरात सगळ्यांना वाटतं. काय करावं? – एक वडील

उत्तर : शंभर क्रमांकांचं दडपण येणारच. पण ते क्रमांक कशाचे आहेत, हे आधी पाहा. २००३ पासून निघणाऱ्या शांघाय क्रमवारीत ३० टक्के गुण माजी विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या नोबेल व (गणितातल्या) फील्ड्स पदकांना आहेत. पहिल्या वर्षाला संभाव्यता कोण शिकवतं आणि कसं शिकवतं, याला एकही गुण नाही. क्यूएस या दुसऱ्या जागतिक क्रमवारीने २०२४च्या आवृत्तीत शैक्षणिक प्रतिष्ठेच्या सर्वेक्षणाचा वाटा ४० टक्क्यांवरून ३० वर आणला, विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचा २० वरून १० वर. विद्यापीठांत काहीही न बदलता कित्येकांचे क्रमांक हलले.

शिवाय बरीचशी माहिती विद्यापीठंच पुरवतात. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्या संस्थेने ‘यूएस न्यूज’ या तिथल्या क्रमवारीला दिलेले आकडे तपासले. ८२.५ टक्के वर्गांत वीसपेक्षा कमी विद्यार्थी असतात, असा दावा होता. वर्गांच्या यादीवरून त्यांनी मोजलं, तर प्रमाण ६७ टक्क्यांच्या आतच भरलं. पुढे काही आकडे चुकल्याचं विद्यापीठाने मान्य केलं आणि क्रमांक २ वरून १८ वर घसरला. संस्थेविरुद्ध असं उभं राहायला धैर्य लागतं, म्हणून मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

मी स्वतः सांख्यिकी शिकवते, तेव्हा या विषयापुरतं नेमकं सांगते. माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि दोन्ही विभागांकडून चालू सत्राचं वेळापत्रक मागवा. माहितीपत्रकात डझनभर ऐच्छिक विषय छापलेले असतात. त्यातले प्रत्यक्ष किती चालू आहेत, ते वेळापत्रकात दिसतं. माझ्या ओळखीच्या एका मुलाने केवळ कालश्रेणी विश्लेषणासाठी (काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांच्या अभ्यासासाठी) विद्यापीठ निवडलं. तो विषय शिकवणारे प्राध्यापक एकच, आणि ते दीर्घ रजेवर गेले. त्याची पदवी हातात पडेपर्यंत तो विषय काही सुरू झाला नाही.

मग मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा. सगळे प्रश्न ‘सिद्ध करा’ आणि ‘व्याख्या लिहा’ असेच आहेत, की एखाद्या प्रश्नात समाश्रयणाचे (रिग्रेशनचे, म्हणजे एक गोष्ट दुसरीबरोबर कशी बदलते याच्या गणिताचे) निकाल देऊन ‘यावरून काय म्हणता येईल आणि काय म्हणता येणार नाही’ असंही विचारलं आहे? असा एक प्रश्न मला पानभर जाहिरातीपेक्षा जास्त सांगतो. प्रात्यक्षिकांत विद्यार्थी स्वतः ‘आर’ या सांख्यिकीच्या संगणक-भाषेत खरी, अर्धवट, गोंधळलेली माहिती हाताळतात की तयार उदाहरणं वहीत उतरवतात, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. गृहपाठ तपासून कधी मिळतो, हेही त्यांनाच. शेवटच्या वर्षाची मुलं निघायच्या घाईत असतात, आणि पहिल्या वर्षाच्यांना अजून नवलाई असते.

क्रमवारी कुठेच उपयोगी पडत नाही, असं मात्र नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये सुरू केलेला हाय पोटेन्शियल इंडिव्हिज्युअल व्हिसा अव्वल क्रमांकांच्या विद्यापीठांतल्या पदवीधरांनाच मिळतो. तुमच्या दोन्हींपैकी एकच त्या यादीत असेल आणि मुलीला पुढे तिकडे जायचं असेल, तर तेवढा विचार जरूर करा.

मात्र दोन्ही विभागांना पत्र मुलीलाच लिहू द्या. अभ्यासक्रम तिने वाचला आहे, त्यामुळे काय विचारायचं ते तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तिला हवे असलेले विषय खालच्या विद्यापीठाच्या वेळापत्रकात खरोखर चालू दिसले, तर माझं मत तिच्या बाजूने आहे.