अकरा शेरे आणि एकोणीस दिवस

“मॅडम, माझा कोड अख्ख्या जगाला दिसतो. तिथे लोकांनी माझी अक्कल काढली.”

नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ती आली होती झोप लागत नाही म्हणून. हे वाक्य निघालं दुसऱ्या भेटीत. वय २४, घर कळव्यात, नोकरी ऐरोलीत, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल ते तपशील बदलले आहेत.) ठाणे-ऐरोली पट्ट्यातली बरीच मुलं ही भीती घेऊन येतात: ओपन सोर्सला (म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा प्रकल्पांना) कोड पाठवायचाय, पण चुकलं तर चारचौघांत कायमचं हसं होईल.

हिने धीर करून पाठवलाही होता. एका प्रकल्पात तारीख चुकीची दिसत होती, ती चूक दुरुस्त करून पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे ‘माझा बदल तपासून तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशी विनंती. सकाळी उठून बघते तर अकरा शेरे. तिने दोन वाचले, लॅपटॉप मिटला आणि एकोणीस दिवस ते पान उघडलं नाही.

मी तिला सगळे शेरे छापून आणायला सांगितले. वहीत दोन रकाने आखले. डावीकडे त्या माणसाने काय लिहिलं, उजवीकडे तुला काय ऐकू आलं.

डावीकडे पहिलं: ‘यातली फक्त दुरुस्ती वेगळी काढून द्याल का?’ उजवीकडे तिने लिहिलं: ‘हिला काही येत नाही.’

मला कोड लिहिता येत नाही, म्हणून तिलाच समजावून सांगायला लावलं. खरी दुरुस्ती सहा ओळींची होती. पण फाइल सेव्ह करताना तिच्या एडिटरने (कोड लिहायच्या प्रोग्रॅमने) मोकळ्या जागा आपल्या पद्धतीने लावून टाकल्या आणि चारशे ओळी बदललेल्या दिसायला लागल्या.

“तुझ्याकडे कुणी असं तपासायला पाठवलं तर?”

“परत पाठवीन.”

“चिडून?”

“नाही हो, चिडायचं काय त्यात? कामच आहे ते.” आणि मग ती बराच वेळ गप्प बसली. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका नोंदवणारी ही मुलगी. त्या नोंदींनी समोरच्याची अक्कल निघते, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

सगळ्यांत बोचला होता ‘निट’ हा शब्द. चार शेऱ्यांची सुरुवातच त्याने होती. तिने शब्दकोशात पाहिलं: उवेचं अंडं, म्हणजे आपली लीख. “माझ्या कोडमध्ये लिखा आहेत म्हणतात!” पण टेस्टिंगमध्ये राहून तिला हेही ठाऊक होतं, की तपासणारा तो शब्द लावतो तो बाब किरकोळ आहे, यावर काही अडलेलं नाही, हे कळावं म्हणून. ठाऊक असूनही त्या सकाळी ते आठवलं नाही. भीतीचं असंच असतं, माहीत असलेलं ती हाताशी लागू देत नाही.

उरलेल्यांत तीन शेरे बदल सुटा करण्याबद्दल, दोन शेरे टेस्ट (दुरुस्ती नीट चालते का ते तपासणारा छोटा कोड) जोडण्याबद्दल, एक कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, संदेशाबद्दल: काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच, का बदललं ते लिहा. आणि शेवटचा, न वाचलेला: ही चूक शोधल्याबद्दल आभार.

लाल रंगाचा विषय तिने स्वतःच काढला. बदल दाखवताना काढलेल्या ओळी लाल दिसतात, नव्या हिरव्या. पाचवीत बाईंनी तिची गणिताची वही वर्गापुढे उघडून धरली होती, पानभर लाल शाई. “तेव्हापासून लाल दिसलं की पोटात गोळा येतो.” त्या वहीवर आम्ही दोन पूर्ण भेटी घालवल्या आणि खरं काम तिथेच झालं असं मला वाटतं.

एकदा तिने विचारलं, “पण तिथे लोक खरंच वाईट बोलतात ना?” बोलतात. लिनक्स या ओपन सोर्स संगणक प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या झोंबणाऱ्या ईमेल्सबद्दल जाहीर माफी मागितली, काही काळ कामातून बाजूला झाले, आणि त्याच सुमारास त्या प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. म्हणजे भीती हवेतली नाही. म्हणून कोड पाठवण्याआधी तिथली जुनी संभाषणं वाचावीत. नवख्यांशी उर्मटपणा दिसला तर दुसरा प्रकल्प निवडावा, त्यात कमीपणा नाही. नवख्यांसाठी ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी चिठ्ठी लावून कामं बाजूला ठेवणारे पुष्कळ प्रकल्प आहेत.

मग तिने काम हातात घेतलं. आधी कॉन्ट्रिब्युटिंगची फाइल (कोड कसा पाठवावा याच्या प्रकल्पाच्या सूचना) वाचली, जी पहिल्यांदा उघडलीच नव्हती. एडिटरची ती सवय बंद केली. मूळ प्रकल्पाची ताजी प्रत, तिच्यावर नवी ब्रँच (बदलांसाठी वेगळी फांदी), सहा ओळी आणि एक टेस्ट. सगळ्या टेस्ट आधी स्वतःच्या मशीनवर चालवून पाहिल्या. नवी रिक्वेस्ट उघडून त्यात जुनीचा उल्लेख केला, जुनी बंद केली आणि प्रत्येक शेऱ्याला एका ओळीचं उत्तर दिलं. एका ‘निट’शी ती सहमत नव्हती. कारण देऊन तसं लिहिलं. तेवढ्यासाठी हात थरथरत होते म्हणाली.

त्यानंतर शांतता. चार दिवसांत तिची झोप पुन्हा उडाली. मी तिला लिनक्सच्याच मार्गदर्शक सूचना वाचायला सांगितल्या. तिथे उत्तराला साधारण दोन-तीन आठवडे लागतात असं लिहिलंय आणि किमान आठवडाभर तरी आठवण करू नका असंही. ओपन सोर्समध्ये तपासणारे बरेच जण आपली नोकरी, घरदार सांभाळून हे करतात. दहाव्या दिवशी तिने दोन ओळींची नम्र आठवण लिहिली.

उत्तर आलं: मधल्या काळात दुसऱ्याच कुणीतरी तीच चूक दुरुस्त केली होती आणि ती दुरुस्ती घेतलीही गेली होती. तिची रिक्वेस्ट बंद झाली.

ती भेटीला आली तेव्हा मीच जरा धास्तावले होते. ती म्हणाली, “मॅडम, त्यांच्या दुरुस्तीत टेस्ट नव्हती. माझ्याकडे होती. मी विचारलं, तेवढी पाठवू का? हो म्हणाले.”

चौदा ओळी. परवा घेतल्या गेल्या. दोन ‘निट’ आले होते, ते तिने गाडीत, दिघ्याच्या आसपास वाचले.