पडलेला किल्ला पुन्हा बांधावा का?

प्रश्न : १९८४ च्या आगीत जळालेला इंदूरच्या राजवाड्याचा भाग पुढे पुन्हा उभारला गेला. कॅलिफोर्नियातील सांता बार्बराचा स्पॅनिश किल्लाही असाच नव्याने बांधत असल्याचे वाचले. अशा वास्तूला ऐतिहासिक म्हणावे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : सांता बार्बराचे हे लष्करी ठाणे १७८२ साली वसवले गेले आणि त्याच्या मूळ वास्तूंपैकी केवळ दोन आज उभ्या आहेत, बाकीचे भूकंपांत पडले किंवा वाढत्या शहराखाली गेले. तेथील प्रार्थनामंदिर मात्र उत्खननात सापडलेल्या जुन्या पायाच्या आधारे, माती, वाळू आणि पेंढा कालवून उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांनी पुन्हा उभारले गेले. माझ्या मते हे योग्यच झाले, कारण जागा आणि साहित्य यांना पुरावा होता. १९६४ ची व्हेनिस सनद, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे, हीही सांगते की, जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. नव्या भिंतीला जुनी म्हणू नये, एवढे पथ्य मात्र पाळावेच.

मला अधिक काळजी वाटते ती उरलेल्या मूळ भिंतींची. कच्च्या विटांवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल बाहेर पडत नाही, ती पायथ्याशी साठते आणि वरून धडधाकट दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होत जाते. माळव्यातल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंतींनाही हेच लागू आहे, म्हणून दुरुस्ती करताना माती किंवा चुन्याचाच गिलावा द्यावा आणि छपराची गळती सर्वांत आधी थांबवावी.