क्वचित चालणारं वीजकेंद्र : मुलगी तिथे काय शिकणार?

नमस्कार,

मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेल्या तुमच्या मुलीला नगरपालिकेच्या छोट्या वीजकेंद्रात शिकाऊ ऑपरेटरची जागा मिळते आहे. तिथली डिझेल इंजिनं मागणी चढली तरच चालतात. ‘उरलेला वेळ ती नुसती बसून राहील का?’ असं तुम्ही विचारलंत.

बसायला फारसा वेळ मिळणार नाही. निरोप आला की काही मिनिटांत इंजिन लोडवर यावं लागतं, म्हणजे वीज पुरवू लागावं लागतं, म्हणून खरं काम ते बंद असतानाच चालतं. जॅकेटचं, म्हणजे सिलिंडरभोवतीचं, पाणी ६० अंशांच्या आसपास गरम ठेवायचं, एअर बॉटलचा (इंजिन सुरू करणाऱ्या हवेच्या टाकीचा) दाब बघायचा, डिझेलच्या टाकीच्या तळाचं पाणी काढायचं. हे पाणी राहिलं तर त्यावर जिवाणू-बुरशी वाढते, तिचा चिकट गाळ फिल्टरमध्ये बसतो आणि ऐन गरजेला इंजिन बंद पडतं.

मोठं इंजिन सुरू करण्याआधी इंडिकेटर कॉक (प्रत्येक सिलिंडरची छोटी तोटी) उघडून इंजिन टर्निंग गिअरने, म्हणजे ते सावकाश फिरवणाऱ्या यंत्रणेने, दोन पूर्ण फेरे फिरवतात. हे तिने स्वतःच्या हाताने करून शिकावं. कॉकमधून पाण्याचे थेंब उडाले तर तिथेच थांबायचं. पाणी दाबलं जात नाही. तसंच सुरू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

पुढचं सिंक्रोनायझिंग, म्हणजे जनरेटर ग्रिडशी जुळवून जोडणं. व्होल्टेज जुळवायचं, फ्रिक्वेन्सी ग्रिडपेक्षा किंचित वर ठेवायची आणि सिंक्रोस्कोपचा (ही जुळणी दाखवणाऱ्या मीटरचा) काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरत बाराच्या जरा अलीकडे आला की ब्रेकर (जोडणारा मोठा स्विच) टाकायचा. काटा सहावर असताना टाकला तर शाफ्ट आणि वाइंडिंग दोन्हींना जबर धक्का बसतो. बहुतेक ठिकाणी हे आपोआप होतं, तरी हाताने करायला शिकवा असा तिने आग्रहच धरावा.

मुलाखतीत तिने एक प्रश्न नक्की विचारावा : चाचणी किती लोडवर घेता? लोड न देता किंवा ३० टक्क्यांखाली तासन्‌तास चालवलं की न जळलेलं तेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते. नेहमीच बिनलोड चाचणी होत असेल, तर तिथली देखभाल मला चांगली वाटत नाही.

मागणीच्या वेळची वीज आता बॅटऱ्याही देऊ लागल्या आहेत. म्हणून इंजिनापुरतं शिकून थांबू नये; प्रोटेक्शन रिले (बिघाड ओळखून ब्रेकर पाडणारं उपकरण), ब्रेकर, पीएलसी (यंत्रं आपोआप चालवणारा नियंत्रक संगणक) हेही पहिल्या दोन वर्षांत हाताखालून जाऊ द्यावं. स्वतःची वही ठेवावी : प्रत्येक स्टार्टची तारीख, लागलेली मिनिटं, सिलिंडरनिहाय एक्झॉस्टचं तापमान, आलेला अलार्म आणि त्याचं कारण, खाली शिफ्ट इंजिनिअरची सही. दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीत ही वही प्रमाणपत्रांआधी पुढे ठेवावी.